माझं तेवढं दाखव

टेबलावर उताणा पडलेला, स्क्रीन काळी झालेला मोबाइल गप्प असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला कधी केबल लावून लॅपटॉपला जोडू नये. जोडलाच, तर काळ्या खिडकीत ‘एडीबी लॉगकॅट’ हे दोन शब्द टाइप करून एंटर मारू नये. त्यानंतर जे सुरू होतं ते बघून एकत्र कुटुंबात वाढलेला माणूससुद्धा दचकतो. वायफायची एक दांडी कमी झाली. बॅटरी एक टक्का उतरली. कुणीही न बोलावलेला कीबोर्ड आपण हजर असल्याचं कळवतो. गेल्या गणपतीत आरत्यांसाठी घेतलेलं आणि विसर्जनानंतर कुणी न उघडलेलं एखादं ॲप मध्येच जागं होतं, आपल्या सर्व्हरला हाक मारतं, उत्तर येत नाही, तशी तक्रार लिहितं आणि पुन्हा आडवं होतं. ओळीमागून ओळ सरकत राहते. प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. कुणी वाचतंय की नाही याची कोणालाच पर्वा नाही.

अँड्रॉइड फोनच्या या अखंड बडबडीला लॉग म्हणतात आणि ती दाखवणाऱ्या हत्याराला लॉगकॅट. मोबाइलची ॲपं लिहिणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस ती ऐकण्यात जातो. उरलेला निम्मा हिंजवडीच्या चौकात.

ही बडबड ऐकायची पात्रता मिळवणं मात्र फारच सोपं आहे. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’च्या पानावर जायचं आणि बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची. शेवटच्या काही टिचक्यांना फोन ‘आता एवढंच उरलं’ असा धीर देतो आणि सातवी पडली की तुम्ही डेव्हलपर झाल्याचं जाहीर करतो. इकडे पोरं चार वर्षं इंजिनिअरिंग करतात, एम-थ्री नावाच्या गणिताच्या केटीत दिवाळ्या घालवतात, आणि तरी त्यांना असं तोंडावर कुणी म्हणत नाही.

कागदावर या बोलण्याची प्रतवारी चोख आहे. सर्वांत खाली व्हर्बोज, म्हणजे वाट्टेल ते बोला. त्यावर डीबग, मग इन्फो, मग वॉर्निंग, मग एरर आणि शेवटी फेटल, म्हणजे संपलंच. ज्याने ही उतरंड रचली त्याला माणसं तारतम्याने बोलतात असं वाटत असावं. प्रत्यक्षात अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे ॲपं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, एररची ओळ लाल दिसते हे एकदा कळलं की प्रोग्रॅमर सगळंच एरर म्हणून लिहायला लागतो. चांगलं ठसठशीत दिसतं ना! मग लालभडक अक्षरांत ‘लॉगिन यशस्वी’ अशी एरर येते. खरी एरर बिचारी त्या लाल गर्दीत उभी असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. वॉर्निंगचं तर बोलायलाच नको. रोज मरे त्याला कोण रडे! एखाद्या जुन्या ॲपात सुरू होता होताच शेकडो वॉर्निंगा पडतात, आणि नव्याने रुजू झालेल्या मुलाने त्याबद्दल विचारलंच तर ‘त्या असतातच’ असं शांतपणे सांगितलं जातं.

या सगळ्यांच्या पलीकडे एक खास सोय आहे: लॉग डॉट डब्ल्यूटीएफ. जे घडणं शक्यच नाही ते घडलं तर ही वापरायची. गूगलच्या अधिकृत कागदपत्रांत या तीन अक्षरांचा विस्तार ‘व्हॉट अ टेरिबल फेल्युअर’ असा दिलेला आहे. तो वाचताना एकही प्रोग्रॅमर गंभीर राहिलेला मी पाहिलेला नाही.

सिस्टिम स्वतःही बोलते, आणि तिच्यातलं माझं आवडतं पात्र म्हणजे कोरिओग्राफर. पडद्यावरच्या हालचालींचा ताल सांभाळणं हे त्याचं काम. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ॲपने आपलं उरकलं नाही तर चित्रं गळतात, आणि सलग तीसेक गळाली की कोरिओग्राफर लॉगमध्ये लिहितो: ‘एवढ्या फ्रेम्स गळाल्या! हे ॲप्लिकेशन मुख्य धाग्यावर प्रमाणाबाहेर काम करत असावं.’ उद्गारचिन्ह त्याचंच. ‘असावं’ हा सभ्यपणाही त्याचाच. अख्ख्या आयटी पार्कात ‘तू फार काम करतोयस’ असं म्हणणारा एवढा एकच वरिष्ठ आहे, आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

पण ही झाली यंत्राची भाषा. खरी मजा माणसांच्या ओळींत असते. आपलं ॲप कुठपर्यंत नीट चाललं हे कळावं म्हणून प्रोग्रॅमर कोडमध्ये जागोजागी लॉगच्या ओळी पेरतो. दिवसाउजेडी पेरलेल्या ओळी शहाण्यासारख्या असतात: ‘ग्राहकाची यादी मिळाली’, ‘पैसे भरण्याची विनंती पाठवली’. रात्री नऊनंतरच्या ओळी रोमन लिपीतल्या मराठीत असतात. ‘आला’. ‘इथे आला’. ‘इथे पण आला’. मग काही फंक्शनं सोडून ‘का येत नाही’. त्याच्याही खाली ‘आता तरी ये’. आणि फाइलीच्या तळाशी, चार उद्गारचिन्हांसह, ‘आईशप्पथ आला’. एखाद्या माणसाची रात्र कशी गेली याचा इतका नेमका दस्तऐवज दुसरीकडे सापडायचा नाही. तो माणूस यथावकाश पेपर टाकून बंगळूरला जातो, त्याचं ‘का येत नाही’ मात्र ग्राहकाच्या फोनात वर्षानुवर्षं उमटत राहतं.

प्रत्येक ओळीला एक टॅग द्यावा लागतो, म्हणजे बोलणाऱ्याचं नाव. पुढे याच नावाने गाळून आपल्या ओळी वेगळ्या काढायच्या असतात, म्हणून नाव विचारपूर्वक द्यावं अशी अपेक्षा. म्हणून मग लोक ‘टेस्ट’, ‘एबीसी’, ‘एक्सवायझेड’ आणि ‘एएएए’ ही नावं देतात. एका टीममधल्या चौघांनी एकमेकांना न विचारता ‘टेस्ट’ हाच टॅग दिला की गाळून काहीच गळत नाही. नीटनेटक्या माणसाचीही यातून सुटका नव्हती. अँड्रॉइड ७ पर्यंत टॅगला २३ अक्षरांची मर्यादा होती. ‘कस्टमररजिस्ट्रेशनफ्रॅगमेंट’ असं शिस्तीत क्लासचंच नाव टॅगला द्यावं, तर इंग्रजीत त्याची अक्षरं २८ भरतात. शिस्तीचे लोक शेपूट कापून घेत, ‘टेस्ट’वाले मजेत.

त्यात बाहेरचे पाहुणे. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! हल्लीच्या ॲपात जाहिरातींसाठी एक, नकाशासाठी एक, पैसे घेण्यासाठी एक आणि वापरणारा कुठे बोट लावतो ते मोजण्यासाठी दोन, अशा परक्या लायब्ररी घातलेल्या असतात. ॲप उघडलं की प्रत्येक जण आपलं नाव, आवृत्ती आणि आपण यशस्वीपणे सुरू झाल्याची वार्ता लॉगमध्ये टाकतो. ज्यासाठी आणलं ते काम करताना मात्र यातला एखादा हटकून गप्प असतो. मधल्या काही अँड्रॉइड आवृत्त्यांत अशा वाचाळांसाठी सिस्टिमने एक बंदोबस्त केला होता. तेच ते वाक्य कुणी सारखं बोलू लागला की त्या ओळी गिळून त्यांच्या जागी ‘चॅटी’ या नावाने एकच ओळ टाकायची: ‘अशाच आणखी अमुक ओळी’. सोसायटीच्या वार्षिक सभेला असं काही मिळालं असतं तर सभा वीस मिनिटांत आटोपली असती.

तेव्हा लॉग वाचायची कला म्हणजे मुख्यतः लॉग न वाचायची कला. लॉगकॅटला सांगायचं: या टॅगचं डीबगपासून वरचं सगळं दाखव, आणि बाकी? बाकीच्यांसाठी ‘स्टार कोलन एस’. एस म्हणजे सायलेंट. उरलेल्या समस्तांनी गप्प बसावं. हे शेपूट जोडायला विसरलं की आपण नीट निवडून मागितलेल्या चार ओळी येतात खऱ्या, पण बाकीच्या महापुरात वाहत येतात. नवशिक्यांचे निम्मे प्रश्न या एका ताऱ्याशी येऊन थांबतात.

२०२२ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओच्या ‘डॉल्फिन’ आवृत्तीत लॉगकॅटची खिडकी नव्याने आली. तिच्यात वर एक चौकट आहे आणि तिच्यात लिहायचं: ‘पॅकेज कोलन माइन’. बस. माझ्या ॲपचं तेवढं दाखव. लग्नाच्या हॉलमध्ये सनई, बँड, कॅटरिंगवाल्यांची भांडी आणि आहेराची उद्घोषणा एकदम चालू असताना एखादी आई तिसऱ्या खोलीतल्या आपल्याच पोराचं रडणं बरोबर ओळखते, तसं ते हत्यार आपल्या ॲपचा आवाज निवडून काढतं. त्याआधीची खिडकी इतकी मायाळू नव्हती. चालू प्रोसेसच्या क्रमांकावर ती ओळी गाळायची. ॲप कोसळलं की प्रोसेस संपायची, ॲप पुन्हा उठलं की नवा क्रमांक घ्यायचं, आणि खिडकी त्या नव्या जिवाच्या नावाने पाटी कोरी करून बसायची. म्हणजे जी ओळ वाचण्यासाठी सगळा खटाटोप, ती ओळ आली रे आली की पुसली जायची. या एका गोष्टीमुळे पुण्यात किती कप चहा जादा खपला असेल याचा हिशेब टपरीवाल्यांनाच विचारावा.

बरं, ती ओळ मिळाली तरी काय? ‘फेटल एक्सेप्शन: मेन’ असं वर लिहिलेलं असतं आणि खाली पायऱ्यांसारख्या तीस-चाळीस ओळी: हे फंक्शन त्याने बोलावलं, त्याला त्याने, त्याला आणखी कुणी. नवा माणूस वरची पहिली ओळ वाचतो आणि तिथलं कोड ज्याने लिहिलं त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! वरच्या ओळीत फक्त तो बिचारा कुठे पडला एवढंच असतं. कुणी ढकललं ते बघायला खाली खाली उतरत शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पर्यंत जावं लागतं. आणि तिथे बहुधा भेटतो नल. म्हणजे जिथे काहीतरी असेल असं सगळे धरून चालले होते, तिथे काहीच नव्हतं. हा नल १९६५ मध्ये टोनी होर यांनी प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणला, आणायला फार सोपा होता म्हणून. २००९ मध्ये त्यांनीच जाहीर भाषणात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आकडा त्यांनी हातचं राखून सांगितला असावा असं आमच्या टीमचं मत आहे.

इथपर्यंत ‘माझं तेवढं दाखव’चा कारभार उत्तम चालतो. माझी तक्रार पुढे सुरू होते. जावाच्या कोडमध्ये चूक झाली तर ॲप मरता मरता आपल्या मृत्यूची नोंद स्वतः करून जातं, म्हणून ती आपल्या गाळणीत सापडते. पण सगळ्यांना एवढी सवड मिळत नाही. आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये घोटाळा झाला, तर पंचनामा करायला सिस्टिमचा दुसराच माणूस येतो आणि तो आपल्या नावाने, आपल्या क्रमांकाने लिहितो. फोनची मेमरी कमी पडली की लो मेमरी किलर नावाचा इसम मागे पडलेल्या ॲपांपैकी एखादं उचलतो आणि संपवतो. त्या ॲपच्या स्वतःच्या लॉगमध्ये शेवटची ओळ काय असते? ‘यादी नीट दाखवली.’ पुढे काही नाही. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही फोन तर धडधाकट ॲपंही उरकून टाकतात. आणि मरणारा प्रोग्रॅमर... चुकलं, मरणारं ॲप आणि त्याचा प्रोग्रॅमर दोघेही आपल्याच ओळी पुन्हा पुन्हा चाळत बसतात, ‘इथपर्यंत तर सगळं बरोबर होतं’ असं म्हणत. साप साप म्हणून भुई धोपटणं यालाच म्हणतात. आपल्याबद्दलची मुख्य बातमी शेजाऱ्याच्या ओळीत असते आणि शेजाऱ्याला आपण ‘स्टार कोलन एस’ने गप्प बसवलेलं असतं.

सिस्टिम लिहिणाऱ्यांनाही याची दया आली असावी. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ॲपला पुन्हा उठल्यावर सिस्टिमला विचारता येतं, ‘मी मागच्या वेळी कशाने गेलो?’ आणि सिस्टिम कारण सांगते. ही सोय मनुष्यमात्राला अजून मिळालेली नाही.

लोक विचारतात, ॲपने स्वतःच सगळ्या फोनचा लॉग का वाचू नये? पूर्वी वाचता यायचा. एकेका ॲपने परवानगी घेतली की इतरांच्या ओळी त्याला दिसायच्या, आणि त्या ओळींत लोक काय काय लिहून ठेवत असत! २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ पासून साध्या ॲपला फक्त स्वतःच्या ओळी वाचता येतात. अँड्रॉइड १३ मध्ये तर एखाद्या हत्याराला सगळा लॉग हवा असेल तर फोन दर वेळी मालकाला विचारतो. झालं ते बरंच झालं. लॉगमध्ये काय सांडू शकतं याची कल्पना यावी म्हणून एकच सांगतो. मे २०१८ मध्ये ट्विटरने कबूल केलं की त्यांच्याकडे पासवर्ड गुप्त रूपात बदलण्याआधीच आतल्या लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते, आणि खबरदारी म्हणून आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना त्यांनी पासवर्ड बदलायला सांगितलं. तेहतीस कोटींचा आकडा आपल्याला देवांमुळे पाठ आहे. त्या सर्वांना एकाच दिवशी निरोप पाठवायचा म्हणजे काय, विचार करा. तेव्हापासून आमच्याकडे लॉगची ओळ तपासताना ‘यात पासवर्ड नाही ना?’ हा प्रश्न मंगलाचरणासारखा विचारला जातो.

तर सांगायचं हे, की ॲपमध्ये जे ‘समस्या कळवा’ असं बटण असतं, ते दाबल्यावर जातो तो त्या ॲपने स्वतः दिलेला जबाब. तोही प्रसिद्ध करताना बहुतेक ओळी कापून टाकलेला, फंक्शनांची नावं ए, बी, सी अशी आखडलेला. फोनचं म्हणणं त्यात नसतं. आणि वापरणाऱ्याचं म्हणणं कसं असतं, तर असं. मागे सांगलीहून आत्याचा फोन आला.

“अरे, ते तुझं वीजबिलाचं ॲप सारखं बंद पडतंय.”

“आत्या, ते माझं नाही. दुसऱ्या कंपनीचं आहे.”

“मोबाइलमधलंच आहे ना? मग? तू मोबाइलमध्येच आहेस ना कामाला?”

“बरं, काय लिहून आलं पडद्यावर?”

“आलं होतं काहीतरी इंग्रजीत. मी ओके करून टाकलं.”

“किती वाजता?”

“तिसरी शिट्टी झाली आणि मी गॅस बारीक केला, तेव्हा.”

“मग काय केलंस?”

“परत उघडलं, परत बंद पडलं. मग आतोबा म्हणाले फोन बंद करून चालू कर. केला. आता सांग, काय झालं असेल?”

आता काय सांगणार? लॉग फोनच्या मेमरीत, ठरावीक आकाराच्या गोल फिरणाऱ्या साठ्यात असतो. पुष्कळ फोनांत एकेक साठा २५६ केबीचा. तो भरला की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीला ढकलून तिची जागा घेते, आणि फोन किती बोलतो ते आपण वर पाहिलंच. एखाद्या वाचाळ फोनात सकाळी अकराचा घोटाळा दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही. आणि फोन बंद करून चालू केला, तर सगळीच पाटी कोरी. ज्या उपायाने फोन बरा होतो त्यानेच तो का आजारी होता याचा पुरावा नाहीसा होतो, आणि हा उपाय घराघरांत आतोबांना पाठ आहे.

म्हणून वाचकहो, तुम्ही आत्या असा, आतोबा असा की आमच्याच धंद्यातले असा, एक विनंती. ॲप पडलं तर फोन बंद करू नका. ॲप पुन्हा पुन्हा उघडून पाहू नका, प्रत्येक खेपेला ते आणखी बोलतं आणि जुनं पुसतं. बिल्ड नंबरवर त्या सात टिचक्या एकदाच मारून ठेवा. मग डेव्हलपर पर्यायांत ‘बग रिपोर्ट’ म्हणून जे आहे ते लगेच घ्या. काही मिनिटं लागतील, फोन एक झिप फाइल करून देईल, आणि तिच्यात सगळ्यांच्या ओळी असतील, ॲपच्याही आणि त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांच्याही. तिच्यात तुमच्या फोनातली पुष्कळ खासगी माहितीही असते. तेव्हा ती ज्यांनी ॲप लिहिलं त्यांनाच पाठवा, फॅमिली ग्रुपवर नको. आणि सोबत वेळ लिहा, घड्याळातली, आकड्यांत. लॉगमध्ये कुकरच्या शिट्टीची नोंद होत नाही.